गॅसवरचं ग्रीक लिंबू-चिकन: ओव्हन नसला तरी अडत नाही

प्रश्न असा आहे: घरात ओव्हन नाही. चार माणसांच्या रात्रीच्या जेवणाला गॅसवर, एकाच भांड्यात मेडिटरेनियन पद्धतीचं चिकन करायचं आहे. लिंबू, ऑरेगानो, लसूण, ऑलिव्ह ऑइल, बटाटे असं सगळं घालून करून पाहिलं; पण चिकन पांढुरकं राहिलं, रस पाणचट झाला, चव कडवट आली आणि बटाटे तासभर शिजवूनही कडकच राहिले. ओव्हनशिवाय हे जमतच नाही का?

जमतं, आणि उत्तम जमतं. हा पदार्थ ओव्हनचाच आहे ही समजूत आधी मनातून काढून टाका. ग्रीसमधल्या खेड्यापाड्यांत घरोघरी ओव्हन यायला बराच काळ गेला. रविवारचा मोठा ट्रे लोक गावातल्या पाववाल्याच्या भट्टीवर नेऊन देत आणि जेवायच्या वेळेला भाजून झालेला घेऊन येत. रोजचं रांधणं मात्र पातेल्यातच व्हायचं. कोतोपुलो लेमोनातो, म्हणजे तिथलं लिंबू घातलेलं चिकन, आजही कितीतरी घरांत शेगडीवरच होतं. त्यामुळे तुम्ही जे करू बघताय ती कुठल्याही अर्थाने तडजोड नाही.

मेडिटरेनियन म्हटलं की भूमध्य समुद्राच्या काठचे विसेक देश त्यात येतात, आणि मोरोक्कोतल्या चिकनचा इटलीतल्या चिकनशी फारसा संबंध नसतो. तुमचं सामान बघता तुम्हाला हवं आहे ते ग्रीक चिकन, म्हणून तेच नीट सांगते. बाकीच्यांबद्दल शेवटी थोडंसं.

तुमच्या चारही तक्रारी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. सगळं सामान एकदम भांड्यात गेलं. आपल्या रश्श्यात ते चालून जातं, कारण तिथे वाटण आणि मसाला पदार्थाला सावरून घेतात. इथे मसाला नाहीच. मीठ, लिंबू, लसूण, ऑरेगानो आणि तेल, बस. सावरायला कोणी नसल्यामुळे चव कढईच्या तळाशी तयार करावी लागते, आणि कोणती गोष्ट कधी घालायची याला फार महत्त्व येतं.

सुरुवात चिकनच्या दुकानापासून करू. आपल्याकडे ब्रॉयलर कापला की स्किन काढूनच देतात आणि हात करीकटवरच चाललेला असतो. म्हणून कोंबडी कापायच्या आधीच सांगा: स्किनसकट, तंगड्या अख्ख्या, मांडी आणि खालचा भाग सांध्यावर वेगळा, बाकी तुकडे नकोत. चौघांना साधारण १ किलो, म्हणजे आठ तुकडे. छातीचं मांस या पदार्थात घालू नका. ते ७० अंशांच्या पुढे गेलं की कोरडं पडायला लागतं, आणि इथे चिकन अर्ध्या तासाहून जास्त शिजणार आहे. तंगडीचं उलट आहे. ७४ अंशांना ती खायला सुरक्षित होते, पण हाडाजवळ रबरासारखी लागते. ८५ अंशांच्या आसपास गेल्यावर तिच्यातले चिवट धागे विरघळून त्यांचं जिलेटिन होतं, मांस मऊ पडतं आणि तेच जिलेटिन रसाला दाटपणा देतं. स्किनमधूनही ते मिळतं. स्किन खायची नसेल तर ताटात बाजूला काढा, पण शिजताना असू द्या.

घरी आणल्यावर चिकन धुतलंत तर धुवा, पण त्यानंतर स्वच्छ कापडाने किंवा पेपर टॉवेलने प्रत्येक तुकडा कोरडा करा. अगदी खरोखर कोरडा. मग किलोला १० ते १२ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन सपाट चहाचे चमचे मीठ सगळीकडून चोळा आणि ताट न झाकता फ्रीजमध्ये ठेवा, कच्च्या मांसाचं पाणी कशावर ठिबकणार नाही अशा सगळ्यात खालच्या कप्प्यात. रात्रभर ठेवलं तर उत्तम, चार तासही चालतात. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग ते खारं पाणी मांसात परत मुरतं आणि शिजताना मांस आपला रस धरून ठेवतं. दुसरीकडे फ्रीजच्या कोरड्या हवेत स्किन सुकते. ही एक पायरी केलीत तर निम्मं काम झालं. लिंबात किंवा दह्यात मुरवू नका. ते तंदुरीला ठीक, इथे ओला पृष्ठभाग आपला शत्रू आहे.

याचं कारण साधं आहे. मांसाला तांबूस रंग आणि खमंग वास येण्यासाठी पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर जावा लागतो. पाणी आहे तोवर तो १०० च्या वर जाऊच शकत नाही. गॅसची सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तुमचं चिकन पांढुरकं राहिलं ते यामुळे. ओले तुकडे, एकाच वेळी सगळे दाटीवाटीने घातलेले आणि वर झाकण, असं केलं की भाजणं होत नाही, वाफवणं होतं.

भांड्याबद्दल मी फार आग्रही आहे. जाड बुडाचं स्टीलचं किंवा ट्रायप्लायचं (स्टीलच्या दोन थरांत अॅल्युमिनियमचा थर असलेलं), २६ ते २८ सेंटिमीटर रुंद, पसरट आणि झाकण बसणारं भांडं घ्या. अॅल्युमिनियमचं पातेलं किंवा हिंडालियमची कढई नको, लिंबाच्या आंबटपणाने रसाला धातूची चव येते आणि रंग करडा होतो. बिडाच्या तव्यावर चिकन सुंदर भाजलं जातं, पण त्यातच लिंबाचा रस उकळलात तर तव्याचं मुरलेलं तेल सुटतं. मुलामा दिलेलं बिडाचं भांडं असेल तर मात्र डोळे मिटून वापरा. नॉनस्टिकमध्ये तळाला काही धरतच नाही, आणि आपल्याला तर नेमकं तेच हवं आहे. कुकरचा विचार करू नका. त्यात पाणी उडून जात नाही, त्यामुळे रस आटत नाही.

आता भाजणं. भांडं मध्यम आचेवर तापवा, दोन मोठे चमचे ऑलिव्ह ऑइल घाला आणि चार तुकडे स्किन खाली करून ठेवा. तुकड्यांमध्ये बोटभर जागा हवी. मग हात लावू नका. पहिली दोन-तीन मिनिटं जोरात तडतड ऐकू येते, ते उरलेलं पाणी उडतंय. हळूहळू आवाज बारीक आणि एकसारखा होतो, चरबी वितळून तुकड्याच्या कडेने चमकायला लागते. या वेळी उलटायला गेलात तर स्किन तळाला चिकटून फाटेल. आठ-दहा मिनिटांनी चिमट्याने कोपरा हलकेच उचलून बघा; रंग नीट आला असेल तर तुकडा आपोआप सुटून येतो. सुटत नसेल तर त्याला अजून वेळ हवा आहे, ओढू नका. रंग गव्हाळ नको, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा हवा. दुसरी बाजू फक्त दोन-तीन मिनिटं. आतून चिकन कच्चंच असेल, ते अपेक्षित आहे. ताटात काढा, उरलेले चार तुकडे तसेच करा.

काही जण सांगतात की एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे रसायन न वापरता नुसतं दाबून काढलेलं ऑलिव्ह ऑइल, तापवायचं नसतं. ग्रीसमध्ये भाज्या, डाळी, मासे सगळं त्याच तेलात शिजतं. त्याचा धूर साधारण १९० ते २१० अंशांना निघतो आणि मध्यम आचेवर आपण तिथवर जात नाही. खिशाचा विचार करायचा तर भाजायला साधं ऑलिव्ह ऑइल घ्या आणि एक्स्ट्रा व्हर्जिन शेवटी वरून घाला. पोमेस लिहिलेली बाटली मात्र घेऊ नका. ऑलिव्हचं तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यापासून ते रसायनाने काढून शुद्ध केलेलं असतं. तळणाला चालेल, इथे चव देणार नाही.

दोन्ही घाणे झाल्यावर भांड्यात भरपूर चरबी जमलेली असेल. दोन-तीन चमचे ठेवून बाकीची काढून घ्या. त्याच चरबीत चार मध्यम बटाटे, सोलून लांबट फाकी करून, मोठ्या आचेवर सहा-सात मिनिटं कडा तांबूस होईपर्यंत परता आणि काढून ठेवा. आच कमी करा. एक कांदा बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून मऊ होऊ द्या, तांबूस करायचा नाही. मग आठ-दहा लसणाच्या पाकळ्या नुसत्या ठेचून घाला. वाटून नको, वाटलेला लसूण पटकन करपतो. मिनिटभर परतून दोन चहाचे चमचे ऑरेगानो हातावर चोळून टाका.

ऑरेगानोशी जरा थांबते. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पाकिटात बहुतेक वेळा ऑरेगानो सीझनिंग असतं, त्यात मीठ, मिरची, लसूण पावडर मिसळलेली असते. ते घातलं की सगळ्या पदार्थाला पिझ्झाचा वास येतो. बाटलीवर घटक वाचा, नुसता ऑरेगानो हवा. नाही मिळाला तर कुंडीतल्या पानओव्याकडे बघा, ज्याची आपण भजी करतो. त्याच्या वासात ऑरेगानोतलं कार्व्हाक्रॉल आणि थाइममधलं थायमॉल या दोन्ही सुगंधी द्रव्यांचा वाटा असतो, म्हणून त्याची दोन-तीन पानं बारीक चिरून इथे बेमालूम खपतात. दोन-तीनच, जास्त झाली तर चिकनला काढ्याची चव येईल. वाळलेला ओवा घालू नका, त्याचा झणका फार तीव्र असतो.

आता तळाकडे बघा. चिकन आणि बटाट्यांची तांबडी खरवड धरलेली असेल. सगळी चव तिथे आहे. अर्धी वाटी कोरडी पांढरी वाइन घालून उलथन्याने ती खरवड पूर्ण सोडवा आणि वाइन निम्मी आटू द्या. नाशिककडची सोव्हिन्यॉं ब्लांक यासाठी छान चालते, गोड वाइन मात्र नको. वाइन वापरत नसाल तर तेवढंच गरम पाणी घाला, खरवड पाण्यानेही सुटते. खरवड काळी पडली असेल तर ती वापरू नका. भांडं पुसून पुढे जा, नाहीतर कडूपणा शेवटपर्यंत राहील.

मग एक चहाचा चमचा मोहरीची पेस्ट, म्हणजे सँडविचला लावतात ती मस्टर्ड, आणि दीड कप गरम पाणी. ग्रीक घरांत लिंबू-बटाट्यात मस्टर्ड सर्रास घालतात, तिच्यामुळे तेल आणि रस एकजीव राहतो. बटाट्यांच्या फाकी तळाला पसरा, त्यांच्यापुरतं पाव चमचा मीठ घाला आणि चिकनचे तुकडे स्किन वर करून त्यांवर बसवा. पाणी बटाट्यांच्या वर आणि चिकनच्या जेमतेम निम्म्यापर्यंत यावं. स्किन पाण्याच्या बाहेर राहिली पाहिजे, नाहीतर एवढी मेहनत करून आणलेला रंग धुऊन निघेल. ताटाला जमलेला चिकनचा रसही यातच ओता. उकळी आली की आच अगदी मंद करा, झाकण बोटभर उघडं ठेवा आणि २५ मिनिटं विसरून जा.

लिंबू अजून घातलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुमचे बटाटे कडक का राहिले, याचं उत्तर इथे आहे. भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन साध्या पाण्यात उकळताना विरघळतं, म्हणून बटाटा मऊ होतो. पाणी आंबट असेल तर पेक्टिन तितकंसं विरघळत नाही. चिंचेच्या आमटीत आधीच चिंच पडली की भाजी शिजता शिजत नाही, तोच प्रकार. तेव्हा बटाट्यात सुरी सहज शिरेपर्यंत लिंबाला भांड्याजवळ फिरकू द्यायचं नाही. पुष्कळ ग्रीक कृतींमध्ये रस सुरुवातीला घालतात, पण तिथे बटाटे ओव्हनमध्ये दीड-दोन तास असतात. गॅसवर तेवढा वेळ चिकनला परवडत नाही.

२५ मिनिटांनी सुरी लावून बघा. बटाटे झाले असतील तर तीन मोठे चमचे लिंबाचा रस घाला आणि झाकण पूर्ण काढून आणखी दहा मिनिटं शिजवा. तिकडचं लिंबू पिवळं, मोठं, जाड सालीचं असतं; त्याचा सगळा दरवळ सालीत असतो. आपलं कागदी लिंबू लहान आणि पातळ सालीचं. तीन चमच्यांना साधारण तीन लिंबं लागतात. आधी दोनाचा रस घाला, चव बघा, मग तिसऱ्याचं ठरवा.

कडवटपणाचे संशयित तीन. पहिला, लिंबाच्या चकत्या किंवा पिळलेल्या फोडी रसात उकळणं. फोटोत त्या फार देखण्या दिसतात, पण सालीखालचा पांढरा भाग आणि बिया शिजल्या की कडू उतरतो. चकत्या हव्याच असतील तर वाढताना ठेवा. दुसरा, लोखंडी चिमट्याच्या यंत्राने लिंबू सालीसकट चेपून पिळणं. हाताने पिळा आणि गाळून घ्या. रस आयत्या वेळी काढा, सकाळी काढून ठेवलेला संध्याकाळपर्यंत उतरलेला असतो. तिसरा म्हणजे करपलेला लसूण. तुम्ही फोडी घालून तासभर शिजवलं असेल तर मला पहिल्याच संशयिताची खात्री वाटते.

ऑलिव्ह आवडत असतील तर शेवटच्या दहा मिनिटांत मूठभर घाला, खाऱ्या पाण्यातून धुऊन. बाटलीतले चकत्या केलेले कोळशासारखे काळे ऑलिव्ह बहुधा हिरव्या-कच्च्या फळांना क्षारात आणि हवेत काळं करून, लोहाच्या क्षाराने रंग पक्का केलेले असतात, त्यांना चव म्हणून काही नसते. कालामाता जातीचे ग्रीक ऑलिव्ह मिळाले तर घ्या, जांभळट आणि टोकदार असतात. ते महाग वाटले तर हिरवे घ्या.

राहिला पाणचट रस. चिकन आणि बटाटे झाऱ्याने काढून गरम ताटात ठेवा आणि भांड्याखाली आच मोठी करा. तीन-चार मिनिटं रस खळखळून उकळू द्या. बुडबुडे आधी लहान आणि फेसाळ असतात, मग मोठे आणि संथ होतात. चमचा तळावरून ओढला की मागे क्षणभर रेघ दिसते, तिथे गॅस बंद. दोन चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन तेल घालून भांडं गोल हलवा. जिलेटिन, बटाट्याचा स्टार्च आणि मस्टर्ड मिळून ते तेल रसात धरून ठेवतात आणि रस चकचकीत होतो. कॉर्नफ्लोअरची गरज नाही. मीठ आता बघा, आधी नाही, कारण आटल्यावर खारटपणा वाढतो. रस ताटात ओता, चिकनच्या बाजूने, स्किनवरून नाही. पार्सली मिळाली तर भुरभुरा. कोथिंबीर घातली तर वास आपल्या वळणावर जाईल, मी टाळते.

स्किनशिवायच चिकन मिळालं तर तुकडे कोरडे करून अगदी पातळ मैदा लावा, झटकून घ्या आणि तीन-तीन मिनिटं भाजा. रंग येईल, रसही मिळून येईल, फक्त चरबी कमी असल्याने तेल एक चमचा वाढवा.

याच पद्धतीने लिंबाऐवजी टोमॅटो, दालचिनीचा तुकडा आणि दोन लवंगा घातल्या की ग्रीकांचं कोकिनिस्तो होतं, ते जाड पास्त्याबरोबर खातात. इटलीतल्या काचातोरामध्ये रोझमेरी, वाइन आणि बऱ्याच घरांत टोमॅटो येतो. स्पेनमध्ये गड्डाभर लसूण आणि वाइन, एवढ्यावरच चिकन होतं. मोरोक्कोची रीत मात्र मुळातच उलटी आहे: चिकन आधी भाजत नाहीत, किसलेला कांदा, आलं, केशर आणि तेलात शिजवतात आणि शेवटी कांद्याचा रस आटवून तेल सुटेपर्यंत नेतात. तेल सुटणं म्हणजे काय ते मराठी माणसाला शिकवायला नको, त्यामुळे ते चिकन आपल्याला पहिल्याच फटक्यात जमतं. त्यात मिठात मुरवलेलं लिंबू लागतं. तिखट, साखर, मसाला काहीही नसलेलं, नुसतं मिठातलं जुनं लिंबू घरात असेल तर त्याची साल धुऊन, गर काढून वापरा.

जेवणाबद्दल एक सांगायचंय. आरोग्यासाठी म्हणून मेडिटरेनियन करत असाल तर चिकनवर फार भर देऊ नका. युनेस्कोने २०१० साली वारशाच्या यादीत घेतलेल्या त्या आहारपद्धतीचा कणा भाज्या, कडधान्यं, धान्य आणि ऑलिव्ह ऑइल हा आहे. चिकन अधूनमधून, बेताचं. माणशी दोन तुकडे पुरे. बरोबर काकडी, टोमॅटो, कांद्याच्या मोठ्या फोडी तेल-मिठात, जमल्यास फेटा या खारट ग्रीक चीजचा तुकडा. पालेभाजी नुसती उकडून, पिळून, वरून तेल आणि लिंबू. ग्रीसमध्ये रानभाज्या अशाच खातात आणि आपली चवळी किंवा माठ त्यात चपखल बसतो. रस टिपायला पाव हवा. कडक कवचाचा नसेल तर बेकरीतला साधा पाव तव्यावर कोरडा भाजून घ्या.

उरलं तर रस फ्रीजमध्ये जेलीसारखा थिजेल, ते चांगलं लक्षण आहे. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर दोन चमचे पाणी घालून झाकून, वाफाळेपर्यंत गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये स्किन चामट होते. मांस हाडावरून सोडवून त्याच रसात वाटीभर तांदूळ आणि लागेल तेवढं पाणी घालून मऊसर भात केला तर दोघांचं जेवण आरामात होतं. लिंबू आधीच मुरलेलं असतं, त्यामुळे तांदूळ शिजायला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ धरा.